डाग दुखत नाही, सांगणे दुखते

गेल्या थंडीतली गोष्ट. शाळा सुटून मुले घरी गेली होती. मी हजेरीपट आवरत होते, तेवढ्यात एका विद्यार्थिनीची आई दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटले तरी ती आधी व्हरांड्यात कोणी आहे का ते पाहत राहिली. मग ओढणीखालून कापडात गुंडाळलेले गोळ्यांचे एक पाकीट काढून तिने माझ्यासमोर ठेवले आणि हळूच म्हणाली, "बाजी, जरा पढके बताओ. इसपे बीमारी का नाम लिख्खा है क्या?"

औषध कसे घ्यायचे हे तिला दवाखान्यात नीट समजावून सांगितले होते. तिचा प्रश्न वेगळा होता. पाकिटावर कुठे आजाराचे नाव छापलेले असेल तर तेवढा तुकडा तिला कापून टाकायचा होता. घरात हे पाकीट पिठाच्या डब्यात लपवलेले होते. उद्या ते सासूच्या हाती लागले, कॉलेजात जाणाऱ्या दिराने वाचले, तर?

ते कुष्ठरोगाचे औषध होते.

ही बाई आमच्या बावड्याच्या परिसरातली. तिचे नाव मी सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशीलही बदलले आहेत. पण तिने मला जे सांगितले ते आपल्या प्रत्येक घराने ऐकावे असे आहे. तिची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट लालसर चट्टा उठला. खाज नाही, दुखणे नाही. गजकर्ण असेल म्हणून मेडिकलमधून मलम आणले. ते काही दिवस लावले, मग विसरून गेली. वर्षभराने करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. कामाने होत असेल, अशक्तपणा असेल, असे सगळ्यांनी सांगितले. एका सकाळी भाकरी करताना बोटाला तव्याचा चटका बसला. तिला तो जाणवलाच नाही. फोड आलेला दिसला तेव्हा कळले.

त्या दिवशी तिला शंका आली. तिच्या माहेरच्या गावात लहानपणी तिने असा एक माणूस पाहिला होता. पुढे आशाताई घरोघरी तपासणीला आल्या आणि अंगावर कुठे चट्टा आहे का, असे त्यांनी विचारले. तिने सांगितले, "कुछ नहीं."

"क्यों?" मी विचारले.

"बडी का रिश्ता चल रहा था, बाजी."

त्यानंतर मुलीची मंगनी झाली, निकाह झाला, मुलगी सासरी नांदू लागली, आणि मगच ही बाई सरकारी दवाखान्यात गेली. तोपर्यंत करंगळी आत वळली होती.

आपण सहज म्हणून टाकतो की लोक अडाणी आहेत, म्हणून वेळेवर दवाखान्यात जात नाहीत. ही बाई अडाणी नव्हती. तिने हिशेब केला होता. एका बाजूला न दुखणारा चट्टा आणि दुसऱ्या बाजूला मुलीचे लग्न. चट्टा लपवायला काहीच पैसे पडत नव्हते. तो सांगण्याची किंमत मात्र फार मोठी होती. तिच्या जागी आपण असतो तर वेगळे काही केले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि माझ्याकडे त्याचे लगेच उत्तर नव्हते.

त्यानंतर मी या आजाराची माहिती गोळा करू लागले. जे समजले ते इथे मांडते.

गुपचूप वाढणारा आजार

कुष्ठरोग जंतूमुळे होतो. नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली तो जंतू शोधून काढला. म्हणजे हा आजार कोणाच्या पापाची शिक्षा नाही, कोणाची बद्दुआ नाही आणि तो आई-बापाच्या रक्तातूनही येत नाही, हे कळून दीडशेहून अधिक वर्षे झाली. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाका-तोंडातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून, दीर्घकाळ जवळच्या सहवासात, हा जंतू दुसऱ्याकडे जातो. त्यातही बहुतेक माणसांच्या शरीरात त्याच्याशी लढण्याची ताकद उपजतच असते. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना जंतू शिरला तरी आजार होत नाही.

हा जंतू फार सावकाश वाढतो. तो अंगात शिरल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत साधारण पाच वर्षे जातात, कधी वीस वर्षेही लागतात. त्यामुळे कोणाकडून आजार आला, कधी आला, हे कोणालाच आठवत नाही. उशिराचा पहिला भाग असा निसर्गानेच घातलेला आहे.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. हा जंतू नसांवर हल्ला करतो, म्हणून तिथली जाणीवच जाते. दात दुखला की माणूस रात्रीच्या रात्री डॉक्टरकडे धावतो. पोटात कळ आली की शेजारी उठून गाडी काढतो. इथे मात्र दुखणे नसणे हेच दुखण्याचे लक्षण आहे. पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चालणाऱ्याला कळत नाही. काटा रुततो, जखम चिघळते, आणि रक्त पाहून मग समजते. तक्रारच नसेल तर माणूस दवाखान्यात काय म्हणून जाणार?

कोड आणि कोढ

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून एक गोंधळ माझ्या लवकर लक्षात आला. मराठीत 'कोड' म्हणजे अंगावर येणारे पांढरे डाग. त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. तिथे फक्त त्वचेचा रंग जातो, जाणीव जात नाही आणि तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. उर्दूत याला 'बरस' म्हणतात. कुष्ठरोगाला उर्दूत 'जुजाम' हा शब्द आहे, पण घरोघरी बोलताना आपण 'कोढ' म्हणतो. आणि पांढऱ्या डागांना 'सफेद कोढ'. झाला घोटाळा!

हजरत ईसा (अ.) अल्लाहच्या हुकमाने 'अबरस' माणसांना बरे करत, असे कुरआनात आले आहे. तो शब्दही 'बरस'वरून आलेला आहे, तरी आपण सर्रास त्याचा अर्थ 'कोढी' असाच ऐकत आलो.

या गोंधळाचे दोन्हीकडून नुकसान होते. ज्या मुलीला साधे पांढरे डाग आहेत तिला लोक महारोगी ठरवतात, तिचे ताट वेगळे करतात. आणि ज्याला खरोखर कुष्ठरोगाची सुरुवात आहे तो आरशात पाहून स्वतःची समजूत घालतो, "हा तर सफेद नाही, म्हणजे कोढ नाही." कुष्ठरोगाचा चट्टा पांढराशुभ्र नसतो. तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर, तांबूस असतो, आणि तिथे स्पर्श कमी कळतो किंवा कळत नाही. ही एक ओळ लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे.

आधी चुकीची दारे

चट्टा दिसल्यावर माणूस काहीच करत नाही असे नाही. तो पुष्कळ काही करतो, पण चुकीच्या दारात. आधी मेडिकलमधले मलम. गजकर्णाच्या अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली थोडी कमी होते, 'फरक पडला' असे वाटते आणि सहा महिने निघून जातात. मग कोणी झाडपाला सांगतो, कोणी रक्त शुद्ध करणारा काढा देतो, कोणी तावीज बांधतो. दुआ जरूर करावी, पण दुआ औषधाच्या जागी ठेवू नये, याबद्दल पुढे बोलते.

कधी खासगी डॉक्टरकडूनही निदान हुकते, कारण आता हा आजार रोज समोर येत नाही. घाईत चट्ट्याकडे नुसते पाहिले जाते, तिथे स्पर्श कळतो की नाही हे तपासले जात नाही. म्हणून रुग्णाने स्वतःच सांगावे, "डॉक्टरसाहेब, इथे मला कळत नाही." या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते.

बायकांचा उशीर वेगळा

पुरुषाच्या हातावर, पाठीवर डाग असला तर शेतात, विहिरीवर, मित्रांत कोणाच्या तरी नजरेला पडतो. आपल्याकडच्या बाईचे अंग झाकलेले असते. पाठीवर, मांडीवर, कमरेवर चट्टा असेल तर तो तिला स्वतःलाही दिसत नाही. दिसला तरी दाखवायचा कोणाला? पुरुष डॉक्टरला दाखवायला संकोच. आशाताई बाई आहेत, पण त्या आपल्याच गल्लीतल्या, आपल्याच ओळखीच्या. जी ओळख बाळंतपणात आधार वाटते तीच इथे भीती वाटते. एका घरात गेलेली गोष्ट दुसऱ्या घरात जाईल का? पाठवणारी सासू, नेणारा नवरा, बसचे भाडे, घरातली कामे, या सगळ्यांची परवानगी मिळेपर्यंत महिने जातात.

पडदा हा इलाजाच्या आड येत नाही, हे आपण घरात स्पष्ट बोलायला हवे. गरज असेल तिथे उपचारासाठी डॉक्टरला अंग दाखवण्याची मुभा शरीयतने दिली आहे. महिला डॉक्टर किंवा परिचारिका मागता येते, सोबत घरची बाई नेता येते. आशाताईंशी बोलायचे नसेल तर थेट दवाखान्यात जाता येते, गावातल्या नको वाटत असेल तर इंदापूरला किंवा बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालयात जाता येते. पण जायला हवे.

कोपीत राहणारी माणसे

आपला भाग उसाचा. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात आणि फडाच्या कडेला कोप्या करून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले तर खाडा धरला जातो. त्यांच्या गावात तपासणीची मोहीम होते तेव्हा ती इथे असतात, आणि इथल्या घरांच्या यादीत त्यांचे नाव नसते. ऊस तोडताना हात कापतात, पाय सोलतात, त्यात एखादी न दुखणारी जखम वेगळी कशी कळावी? काहींची मुले हंगामात आमच्यासारख्यांच्या शाळांत येऊन बसतात. आता मी त्यांच्या हाता-पायांकडे लक्ष ठेवते. लहान मुलाला चट्टा असेल तर त्याच्या जवळपास उपचार न घेतलेले कोणी मोठे माणूस असण्याची शक्यता असते. त्या मुलामुळे दोन जण वाचू शकतात.

"तो रोग तर संपला ना?"

शिकलेल्या लोकांकडून मला हा प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. डिसेंबर २००५ अखेर देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे रुग्णांचे प्रमाण एकाहून कमी झाले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाले, असे जाहीर करण्यात आले. ती मोठी कामगिरी होती, यात शंका नाही. पण 'प्रमाण कमी झाले' हे लोकांनी 'रोग संपला' असे ऐकले. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले असतात. संख्येने ते लाखाच्या आसपास असतात. म्हणून २०१६ पासून घरोघरी शोधमोहिमा पुन्हा जोमाने सुरू झाल्या. ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, गावोगावी जागृतीचे कार्यक्रम होतात. गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची स्वतःच्या हाताने शुश्रूषा केली होती, त्याची आठवण त्यामागे आहे.

मनातले जुने चित्र

महाराष्ट्राने या कामात मोठी माणसे दिली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे. समाजाने बाहेर काढलेल्यांना त्यांनी घर दिले, काम दिले, इज्जत दिली. हे त्या काळाचे चित्र होते. तेव्हा एक तर औषध नव्हते, किंवा होते ते एकच औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे.

आपल्या डोक्यात मात्र तेच चित्र कायम राहिले. झडलेली बोटे, बसलेले नाक, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या दारातला भिकारी, गावाबाहेरची वस्ती. त्यामुळे दोन गोष्टी होतात. ज्याच्या हातावर नुसता एक चट्टा आहे त्याला वाटते, "माझी बोटे तर शाबूत आहेत, मला तो रोग कसा असेल?" आणि ज्याला शंका येते त्याला वाटते, "दवाखान्यात नाव लिहिले की मी त्या रांगेत जाऊन बसलो." खरे तर उलट आहे. ज्यांना उशीर झाला तेच त्या रांगेत बसले. वेळेवर गेलेला माणूस आपल्या ओळखीत असूनही आपल्याला माहीत नसतो, कारण त्याच्यावर कसली खूणच राहत नाही.

कायद्यानेही ही भीती दीर्घकाळ पोसली. इंग्रजांच्या १८९८ च्या कायद्यात निराधार कुष्ठरुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद होती. तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. आपल्या घरांशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. नवऱ्याला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून पत्नीला न्यायालयातून विवाह मोडून घेता येईल, असे त्यात होते. हिंदू, ख्रिस्ती विवाहांच्या आणि विशेष विवाहाच्या कायद्यांतही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानले होते. २०१९ साली संसदेने दुरुस्ती करून या सगळ्या कायद्यांतून ते कारण काढून टाकले. बरा होणारा आजार हे संसार मोडण्याचे कारण असू शकत नाही, असा त्याचा साधा अर्थ. कायद्याच्या पुस्तकातून ते गेले. रिश्ता ठरवताना बैठकीत बसणाऱ्यांच्या मनातून अजून जायचे आहे.

दीन काय शिकवतो?

या विषयावर बोलताना कोणी ना कोणी हदीसचा हवाला देतो, की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुजामी माणसापासून दूर राहायला सांगितले आहे. ही हदीस आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. ज्या काळात औषध नव्हते त्या काळात संसर्गाबाबत घेतलेली ती खबरदारी होती, असे अनेक उलमांनी स्पष्ट केले आहे. पण अर्धीच गोष्ट सांगून थांबणे बरोबर नाही. सकीफ कबिल्याच्या शिष्टमंडळात असा एक रुग्ण होता. प्रेषितांनी (स.) निरोप पाठवून त्याची बैअत स्वीकारली. त्याला उम्मतीबाहेर ठेवले नाही. एका जुजामी माणसाचा हात धरून त्याला आपल्याबरोबर एकाच भांड्यात जेवायला बसवल्याची रिवायतही हदीसच्या ग्रंथांत आहे. तिच्या सनदीबद्दल तज्ज्ञांत मतभेद असले तरी उलमा ती करुणेचे उदाहरण म्हणून सांगत आले आहेत.

मला सर्वांत जवळचे वाटते ते हजरत मुऐकीब (रजि.) यांचे उदाहरण. हे सहाबी होते आणि त्यांना जुजाम होता. हजरत उमर (रजि.) यांनी खलिफा असताना त्यांच्याकडे बैतुलमालची, म्हणजे सरकारी खजिन्याची, जबाबदारी ठेवली. त्यांना आपल्या दस्तरखानवर जेवायला बसवले. आणि जिथे कोणी वैद्य असल्याचे ऐकले तिथून त्यांच्यासाठी इलाज मागवला. येमेनच्या दोन वैद्यांनी त्यांच्यावर उपचार केल्याची नोंद इतिहासग्रंथांत आहे. या एका उदाहरणात सगळे आले. काम काढून घेतले नाही, ताट वेगळे केले नाही आणि इलाजही थांबवला नाही. तेव्हा खात्रीचे औषध नव्हते तरी हे वर्तन. आज औषध गावातल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तरी आपण ताट वेगळे करायला निघालो तर कोणाच्या वाटेने चाललो?

अल्लाहने आजार उतरवला तसा त्याचा इलाजही उतरवला, हे आपण मुलांना शिकवतो. मग इलाज शोधणे हे तवक्कुलच्या विरुद्ध कसे? सब्र म्हणजे चट्टा झाकून बसणे नव्हे. बारा महिने न चुकता गोळ्या घेणे, हा सब्र.

औषध काय आणि किती दिवस

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला. एकापेक्षा जास्त औषधे एकत्र दिल्याने जंतूला तग धरता येत नाही. पाच किंवा त्याहून कमी चट्टे असतील तर साधारणपणे सहा महिने, जास्त चट्टे असतील किंवा नसा जास्त बाधित असतील तर बारा महिने. चार आठवड्यांचे एक पाकीट मिळते. पहिल्या दिवसाचा डोस मोठा असतो आणि तो शक्यतो आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. म्हणजे घरातल्यांना वाचवायचे असेल तर रुग्णाला दूर करून उपयोग नाही, त्याला लवकर औषध सुरू करून उपयोग आहे. घरातल्या इतरांना तपासून एक प्रतिबंधक डोसही दिला जातो.

काही गोष्टी आधी माहीत असल्या तर माणूस घाबरून औषध सोडत नाही. एका औषधाने लघवीला लाल रंग येतो, ते रक्त नसते. दुसऱ्या एका औषधाने कातडी काळपट पडते. औषध संपल्यावर हळूहळू ती पूर्ववत होते. उपचार चालू असताना किंवा नंतर चट्टे अचानक लाल होऊन सुजले, ताप आला, नसा दुखू लागल्या तर त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. त्यासाठी लगेच दवाखाना गाठावा, पण गोळ्या बंद करू नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही हे औषध देता येते. रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून रोजची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते.

नस बधिर होऊन किंवा बोटातली ताकद जाऊन सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाला तर पुष्कळदा ती परत येते. त्यानंतर जंतू मरतो, आजार बरा होतो, पण गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही. वाकडी बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात. पुण्यात कोंढव्याला बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय आहे. तिथे आणि मुंबईत डॉ. नोशीर अँटिया यांनी ज्या काळात असे हात कोणी शिवायलाही तयार नव्हते त्या काळात ते दुरुस्त केले. तरीही शस्त्रक्रिया ही उशिराची भरपाई आहे. वेळेवर घेतलेल्या गोळीची बरोबरी तिला नाही.

आपण घरात काय करू शकतो?

आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो. हात कोपरापर्यंत, चेहरा, पाय घोट्यापर्यंत. आठवड्यातून एकदा, जुम्याच्या आंघोळीला म्हणा, हेच अवयव जरा नीट पाहावेत. कुठे फिकट किंवा लालसर चट्टा, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, भुवया विरळ झालेल्या, हातापायाला मुंग्या, न दुखणारा फोड, यातले काही दिसते का? पाठ नवरा-बायकोने एकमेकांची, आईने मुलांची पाहावी. शंका आली तर डोळे मिटायला सांगून पेनच्या टोकाने किंवा कापसाच्या बोळ्याने हलका स्पर्श करावा आणि कुठे शिवले ते बोटाने दाखवायला सांगावे. दाखवता आले नाही तर दवाखान्यात जावे. घरची तपासणी म्हणजे निदान नव्हे, ती फक्त दार ठोठावण्याची वेळ झाली हे सांगते. आणि ज्यांच्या हाताला जाणीव कमी आहे त्यांनी थंडीत वुजूचे गरम पाणी आधी दुसऱ्याला पाहायला सांगावे.

दुसरे काम जास्त अवघड आहे. आपल्या घरात या आजाराबद्दल आपण कसे बोलतो ते तपासावे. कोणावर रागावून 'कोढी' म्हणतो का? मुलगी पाहायला गेल्यावर "खानदान में किसी को कुछ है क्या" असे विचारतो का? चट्टा लपवणारी बाई आधी हे सगळे ऐकत असते. तिने ओठ मिटून घेतले तर त्यात तिचा एकटीचा दोष नाही. आपण तिला गप्प राहायला शिकवले आहे. मशिदीच्या इमाम साहेबांनी वर्षातून एका जुम्याला, ३० जानेवारीच्या आसपास, खुत्ब्याआधी पाच मिनिटे यावर बोलले तर दहा पोस्टरांचे काम होईल. आणि बरे झालेले एखादे कुटुंब तयार असेल तर त्याच्यासारखा दुसरा पुरावा नाही. मात्र तयार नसेल तर त्यांची गुपिते आपण फोडू नयेत.

त्या दिवशी मी त्या बाईला पाकीट वाचून दाखवले. कापण्यासारखे काही करू नका, त्याने गोळ्या खराब होतील, असे सांगितले. पिठाच्या डब्याऐवजी कोरड्या जागी ठेवा म्हटले. आणि विचारले, "नवऱ्याला सांगितले का?" तिने मान हलवली. नाही.

दोन महिन्यांनी ती परत आली. या वेळी बाहेर कोणी आहे का ते तिने पाहिले नाही. एका रात्री तिने नवऱ्याला सांगितले होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तीन साल अकेली क्यों उठाई?" आता महिन्याचे पाकीट तोच आणतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, सुदैवाने कोणालाही काही निघाले नाही. सासूला अजून सांगितलेले नाही. सासरी गेलेल्या मुलीलाही नाही.

"उसको कब बताऊँ, बाजी?" तिने मला विचारले.

मी म्हटले, तिचीही एकदा तपासणी व्हायला हवी, म्हणून लवकर सांगा. पण मी पाहिले, ती मुलीचा विचार करत नव्हती. मुलीच्या सासूचा करत होती. ती सासू आपल्यातलीच कोणी तरी आहे. कदाचित हे मासिक तिच्याही घरी येत असेल. तिने हे वाचले आणि सुनेच्या आईचा हात हातात घेऊन ती एकदा शेजारी बसली, तर तीन वर्षांचा उशीर यापुढे कोणाच्या वाट्याला येणार नाही. अल्लाह आपल्याला तशी मने देवो. आमीन.